राहणाऱ्याची खोली

काकावर सूड उगवायचा म्हणून मी वकील झाले. कुणी विचारलं तर न्यायबिय सांगते, पण ते खोटं आहे. मला त्या माणसाचं नाक कापायचं होतं आणि तेही अख्ख्या चाळीसमोर.

बाबा गेले तेव्हा मी बारावीला होते. लालबागच्या आमच्या खोलीचे भाडेकरू बाबा. काका त्यांचा धाकटा भाऊ, लग्न झाल्यावर विरारला ब्लॉक घेऊन गेलेला. तेरावं उरकून आई आणि मी गावी जाऊन आलो, तर दाराला नवं कुलूप. काका गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला. आईला म्हणाला, “वयनी, बायलमाणसाच्या नावार खोली कधी झाली हा काय? पुरुष गेलो की खोली भावाक. चाळीत असाच चलत इला हा.”

शेजारच्या दारांतून म्हातारे माना डोलवत होते. आम्ही परळला मावशीकडे राहायला गेलो, आणि आमची खोली काकाने एका मसालेवाल्याला मिरचीची पोती ठेवायला दिली. आई त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही. मला तिचाही राग यायचा.

सकाळी लॉ कॉलेज, दुपारनंतर झेरॉक्सच्या दुकानात नोकरी. पहिल्याच वर्षी सरांनी इंग्रजांचा कॉमन लॉ शिकवला. लोक जसे वागत आले ते रिवाज न्यायाधीशांनी उचलले, एकाने दिलेला निकाल पुढच्याने पाळला, आणि निकालावर निकाल चढत कायदा उभा राहिला. कुणी बसून तो लिहिला नाही. मी मनात म्हटलं, अरे, ही तर आमची चाळ! मग सर दुसऱ्या प्रकाराकडे वळले. विधिमंडळाने मंजूर केलेला, कलमं घालून छापलेला कायदा.

मी हात वर केला. “सर, रिवाज एक म्हणतो आणि छापलेला कायदा दुसरंच, तर?”

“तर रिवाजाने गप्प बसायचं,” सर म्हणाले. “आणि न्यायाधीशांनी छापलेल्या शब्दांचा अर्थ लावायचा, आपले शब्द घुसवायचे नाहीत.”

त्याच दिवशी लायब्ररीत भाडे कायदा उघडला. भाडेकरू वारला तर हक्क कुणाला? तो वारला तेव्हा त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला. बाई की पुरुष, काही नाही. राहत होतात का, एवढंच. आईशप्पत, मला हसू आवरेना.

वकिलीची सनद मिळाली आणि पहिला दावा आईचाच लावला, धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात. काका स्वतःला फार शहाणा समजायचा. रिवाज सिद्ध करायला त्याने ते माना डोलवणारे म्हातारेच साक्षीला आणले. त्याच्या वकिलाने नको म्हटलंही असेल, पण वकिलाचं ऐकेल तर तो काका कसला!

पहिल्या म्हाताऱ्याने ठणकावून सांगितलं, पुरुषामागे खोली पुरुषालाच. मी उलटतपासाला उठले.

“आजोबा, बाबा वारले तेव्हा खोलीत कोण राहायचं?”

“तू नि तुझी आई. जन्म गेला गो तिचा तिथे.”

“आणि काका?”

“तो? तो विरारला. सणासुदीला यायचा, जेवून जायचा.” मग काकाची बाजू भक्कम करायला स्वतःच पुढे म्हणाला, “पण राहिली म्हणून काय झालं? राहते बाई, खोली पुरुषाची. तोच तर रिवाज!”

काकाच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. उरलेले म्हातारेही तेच बोलले, छाती पुढे काढून. कायद्याला जेवढं हवं होतं तेवढं काकाच्याच माणसांनी शपथेवर सांगितलं. पाहुणा म्हणून येणं म्हणजे राहणं नव्हे, असे न्यायाधीशांचे जुने निकाल होते, तेही मी पुढे ठेवले. निकालांचाही असा उपयोग होतो.

दावा जिंकलो. कोर्टाचा बेलीफ आला, कुलूप निघालं, पोती जिन्यावरून खाली गेली. गॅलरी माणसांनी भरलेली, आणि काका मान खाली घालून उभा. मी त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. बरं वाटलं मला, खूप बरं वाटलं. लाज कसली त्यात?

आई आत गेली, शिंकली, मोरीचा नळ उघडून पाहिला. तेवढ्यात काका उंबऱ्यात आला. “वयनी, झाला गेला विसर. गणपतीक तरी येवक दी.”

मी आईकडे पाहिलं. ही आता विरघळणार, चहा टाकणार.

“भावजी, तुम्ही इथे राहत नव्हतात,” आई म्हणाली. “साक्षीदार तुमचेच. आता उंबऱ्यात पण उभं राहायचं नाही.”

आमच्या चाळीत दिवसाउजेडी कुणी दार लावत नाही. लावलं तर आजारी आहे का म्हणून चार माणसं विचारायला येतात. आईने काकाच्या तोंडावर दार लावलं आणि आतून कडी घातली.