कुंपणाबाहेरचा कोमिसिंग

बिशप सिप्रियन बायांगन यांना नावं ठेवणारा माणूस आमच्या डोंगरात शोधूनही सापडायचा नाही. आता कुणी म्हणेल, बिशपला कोण कशाला नावं ठेवील? अहो, ठेवतात! त्यांच्या आधीच्या बिशपांना तर लोकांनी असं धारेवर धरलं होतं की ते बिचारे तब्येतीचं निमित्त करून खाली मनिलाला निघून गेले. सिप्रियन मात्र लोकांचे लाडके. बावीस गावांतली चर्चं त्यांच्याकडे, त्यातल्या नऊ गावांना धड रस्ता नाही. साठीला आलेला हा माणूस रबरी चपला घालून, झगा आणि उंच टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, भाताच्या बांधांवरून तोल सांभाळत चालत जायचा. पोचला की आधी कुणाच्या तरी चुलीपाशी बसायचा, कॉफी प्यायचा, मग चर्चमध्ये. दृढीकरणाच्या वेळी पोरांच्या डोक्यावर हात ठेवताना प्रत्येकाचं नाव न चुकता घ्यायचा. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या रेड्याचा पाय मोडला, सगळं त्याला तोंडपाठ.

फक्त लुब्कानला ते जात नसत. बिशप होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि अकराही वर्षं लुब्कानच्या वेळी काहीतरी आडवं यायचं. एकदा दरड कोसळली, एकदा ताप आला, एकदा सभा निघाली. दरड खरी होती. ताप आणि सभा यांचं काय ते देव जाणे.

त्यांची बायको एल्सी (आमच्या पंथात बिशपला लग्न चालतं) मात्र जाणून होती. "लुब्कानचं पत्र आलं की तुझं पोट कसं दुखतं रे?" असं ती एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती, आणि सगळे हसले होते. बिशप हसले नव्हते.

गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची. सिप्रियन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, नवे कोरे पाद्री, पहिलीच नेमणूक लुब्कानला. गावात कोमिसिंग नावाचा तरणाबांड गडी होता. चर्चची घंटा खालच्या नदीपासून वरपर्यंत यानंच पाठीवर बांधून आणलेली. रविवार कधी चुकवला नाही. तेहतिसाव्या वर्षी त्याच्या छातीनं दगा दिला आणि सहा दिवसांत खेळ आटोपला. मागे बायको आगापिता आणि चार वर्षांचा मुलगा दाल्मासियो.

कोमिसिंगचा बाप जुन्या वळणाचा. त्यानं चर्चचं ऐकलं नाही. पोराचं प्रेत रीतीप्रमाणे घराच्या शिडीपाशी खुर्चीत बसवलं, दोन दिवस बायाबापड्या त्याच्याशी बोलत बसल्या, डुकरं कापली, पूर्वजांना हाका मारल्या. मटणाचे वाटे पडले, बांबूच्या सालपटात ओवले आणि घरोघर गेले. एकही घर वगळायचं नाही, ही आमची रीत. पाद्र्याचं घरही घरच की! आगापितानं स्वतःच्या हातानं मोठा वाटा बाजूला काढला आणि पाद्रीबाबांकडे पाठवला.

त्या महिन्यात मिशनचा पगार डोंगर चढून आलाच नव्हता. घरात रताळ्यांशिवाय काही नव्हतं, एल्सीला पाचवा महिना. तिनं विचारलं, "हे आपल्याला चालतं का?" सिप्रियन म्हणाले, "शिजव." आणि दोघांनी पोटभर खाल्लं. त्या चवीची त्यांना पुढे आयुष्यभर लाज वाटली, कारण ते मटण फार चांगलं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की गोरे बिशप आठवडाभरात भेटीला येतायत. हे बिशप फार कडक. डुकराच्या रक्तावर जो पाद्री प्रार्थना म्हणेल त्याचा झगा उतरवीन, असं त्यांनी भर सभेत बजावलेलं. सिप्रियनच्या पायाखालची जमीन सरकली. दुपारी माणसं घोंगडीत गुंडाळलेला कोमिसिंग खांद्यावर घेऊन आली, तेव्हा हा पठ्ठ्या दफनभूमीच्या फाटकात आडवा उभा!

"इथे नाही," ते म्हणाले. "खुर्चीत बसवलेलं प्रेत इथे येणार नाही."

कुणी भांडलं नाही. माणसं क्षणभर थांबली, मग वळली. कुंपणाबाहेर, पाइनच्या झाडांखाली त्यांनी खड्डा खणला. प्रार्थना झाली नाही. आगापिता फाटकापाशी उभी राहून पाद्र्याकडे नुसती बघत होती, आणि खाल्ल्या मिठाला न जागणारा तो माणूस पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. वाटा पाठवला होता, खाल्लात ना, एवढं जरी ती म्हणाली असती तरी सिप्रियन तिथेच कोसळले असते. ती बोलली नाही. पुढच्या रविवारी ती प्रभुभोजनाला आली, त्यांच्यापुढे गुडघे टेकले, तळहात पुढे केला. त्यांनी त्यावर भाकर ठेवली. दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली.

पुढे काळ बदलला. गोरे बिशप गेले, आपले आले, आणि खुर्ची, डुकरं, वाटे यांना कुणी पाप म्हणेना. खुद्द सिप्रियननी शेकडो अशा माणसांना प्रार्थना म्हणून पुरलं. दर वेळी त्यांना तो एक आठवायचा. मग दिवसभर अन्न गोड लागत नसे.

त्या वर्षी सर्व संतांच्या दिवसासाठी लुब्कानचं पत्र आलं. आगापितानं वेदीसाठी नवं कापड विणलंय, असं खाली लिहिलेलं. बिशपांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "या वेळी जातो. सगळ्यांसमोर कबूल करतो."

एल्सी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आधी तिच्या घरी जा."

"वेळ कुठे मिळणार? पोचलो की लगेच उपासना."

"मग आदल्या दिवशी नीघ. आधी तिच्या चुलीपाशी बस, तिला विचार. मग काय बोलायचं ते बोल. तिचा नवरा, तिचं दुःख. ते तू परस्पर गावाला कसा वाटत सुटणार?"

बोलणं पटलं होतं. पण तिच्या समोर, तिच्या डोळ्यांत बघत बोलायची त्यांची छाती होईना. तीनशे माणसांसमोर बोलणं त्यांना सोपं वाटलं. म्हणून ते त्याच दिवशी सकाळी निघाले, जीपमध्ये बसून, तीन तासांच्या वाटेला, घाईघाईत.

लुब्कानचं चर्च खचाखच भरलेलं. संध्याकाळी कबरींवर पेटवायची राळेच्या पाइनची ढलपी वेदीपुढे रचलेली, सगळीकडे तोच वास. तिसऱ्या बाकावर आगापिता, केस पांढरे, पाठ ताठ. शेजारी पस्तिशीचा दाल्मासियो, आता चर्चचा पंच, कोबीच्या शेतीत हात राकट झालेला. बिशप उपदेशाला उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मटणाचा वाटा सांगितला, आपली भूक सांगितली, आपली भीती सांगितली, फाटक सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. सांगता सांगता त्यांना रडू फुटलं. बायका बाहीनं डोळे पुसायला लागल्या. एक म्हातारा उठून आदरानं म्हणाला, "आपो, देव तुम्हाला क्षमा करो!" आणि सगळे 'आमेन' म्हणाले. खोटं कशाला बोला, बिशपांना त्या क्षणी फार हलकं वाटलं.

मग प्रभुभोजनाची रांग लागली. आगापिता उठली, तिनं घोंगडी खांद्यावर घेतली आणि बाजूच्या दारानं बाहेर निघून गेली. दाल्मासियो जागचा हललाच नाही. तो समोर कुठेतरी बघत बसला होता आणि आजूबाजूचे लोक त्याच्याकडे बघायचं टाळत होते. बिशपांच्या हातातल्या भाकरी संपेपर्यंत त्यांना कळून चुकलं की आपण काहीतरी भयंकर करून बसलोय. काय, ते मात्र कळेना.

जेवणात डुकराचं मटण आणि लाल भात होता. बिशपांनी पानाला हात लावला नाही. ऊन कलायला लागलं तसे ते पुस्तक बगलेत मारून कुंपणाबाहेर पाइनखाली गेले. ती तिथेच होती, कबरीवर ढलपी रचत.

लुब्कानच्या म्हाताऱ्या बायका बिशपलाही अरे-तुरे करतात. ती मान वर न करता म्हणाली, "आलास?"

"आलो. आगापिता, मला माफ..."

"थांब. छान बोललास हं. तेव्हाही छानच बोलायचास."

तिनं आणखी एक ढलपं रचलं.

"दाल्मासियो पाच वर्षांचा असताना त्यानं मला बापाबद्दल विचारलं, इना, सगळ्यांचे आमा आत आहेत, माझेच बाहेर का? मी काय सांगायला हवं होतं? मी सांगितलं, तुझ्या आमालाच ही झाडं आवडायची. म्हणाला होता, मला इथेच ठेवा, इथे वारा चांगला येतो. पोर खूश झालं. इथे येऊन झोपायचं, झाडांवर चढायचं. माझ्या आमाची झाडं, म्हणून गावभर मिरवायचं."

"मला ठाऊक नव्हतं."

"कसं असेल? आला असतास तर ठाऊक झालं असतं." तिचा आवाज आता चढला. "या गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला खरं ठाऊक होतं. एकानंही तोंडातून ब्र काढला नाही. एकतीस वर्षं! बोलायची वेळ आली की एकमेकांना म्हणायचे, इनायान, असं करू नये, वरचा बघतोय. नशेतसुद्धा कुणी बोललं नाही रे! आणि तू आज टोपी घालून उभा राहिलास आणि ओकलास. तू रडलास, सगळे तुझ्याकडे बघत होते. माझ्या पोराकडे कुणी बघितलं?"

बिशपांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. एल्सीचे शब्द त्यांना आठवले आणि स्वतःची चीड आली. लुब्कानला यायला घाबरले ते स्वतःसाठी, आणि आले तेही स्वतःसाठीच.

"मी कुंपण हलवतो," ते कसंबसं म्हणाले. "उद्याच्या उद्या. हे झाड आत घेऊ. आणि त्याची प्रार्थना... तेव्हाची राहिलेली. आता म्हणतो. पुस्तक आणलंय."

"कशाला? त्याची झालीय."

"कुणी म्हटली?"

"मी." तिनं हातातलं ढलपं खाली ठेवलं. "मला अक्षर येत नाही. पण या गावात जेवढी माणसं पुरली, त्या प्रत्येकाच्या वेळी पाद्र्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि एकेक ओळ उचलली. पहिल्या वर्षी दोन ओळी आल्या, तेवढ्याच इथे येऊन म्हटल्या. सातव्या वर्षी सगळी पुरी झाली. तेव्हापासून दर वर्षी म्हणते. तो नीट पुरला गेलाय. तुझं इथे काही काम नाही."

बिशपांनी उघडायला घेतलेलं पुस्तक तसंच मिटलं.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"मघाशी घरी येऊन पोरानं विचारलं, इना, आमानं असं काय केलं होतं की त्याला हाकललं? मला उत्तर देता आलं नाही. मी खोटी ठरले त्याच्यापुढे, तुझ्यामुळे. आता तू जा. तो खाली घरापाशी लाकडं फोडतोय. माणसं गोळा करू नकोस. रडू नकोस. तो काय बोलेल ते ऐकून घे."

खालच्या अंगणात दाल्मासियो ओंडक्यावर कुऱ्हाड चालवत होता. लागतील त्याच्या तिप्पट ढलपी पडली होती, तरी चालूच होतं. बिशप पायवाटेनं उतरले. ते ओंडक्यासमोर जाऊन उभे राहिले. कुऱ्हाड थांबली.

"दाल्मासियो," बिशप म्हणाले, "तुझ्या वडिलांची काही चूक नव्हती. माझी होती."

दाल्मासियोनं कपाळाचा घाम पुसला. त्याचे डोळे लाल होते.

"आपो, मी चार वर्षांचा होतो. इतकी वर्षं तुम्ही कुठे होतात?"

देवाची सेवा, बावीस गावं, दरडी, पाऊस, यातलं काहीच बिशपांच्या ओठांवर येईना.

"तीन तासांवर," ते म्हणाले.