शिरूरची उलटी पुतळी

आईला न विचारता केलेला शहाणपणा निस्तरायला मी हा एका दिवसाचा प्रवास केला. त्यात मला महाराष्ट्रातलं एक थक्क करणारं दुकान सापडलं, म्हणून हा ब्लॉग.

झालं असं की आईच्या पुतळीहाराचा दोरा कुजला होता. लक्ष्मी उमटवलेल्या सोन्याच्या पुतळ्यांचा हा हार तिच्या लग्नात आजोबांनी शिरूरच्या पेढीत घडवून घेतलेला. मी हौसेने पुण्यातल्या एका चकचकीत दुकानातून तो नव्या दोऱ्यात ओवून आणला. आईने गळ्याशी धरला, बोटं फिरवली, "चांगला झालाय" म्हणाली आणि डबीत ठेवला. भाचीचं लग्न आठवड्यावर आलं तरी डबी बंदच. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "माझा वाटंना गं." मला शंका आली. दुकानात सोनं बदललं की काय?

शनिवारी पावणेसातला एकटीच निघाले. नगर रस्त्याने जाणार असाल तर सातच्या आत वाघोली ओलांडा. मी ओलांडली नाही आणि सणसवाडीत कंपन्यांच्या बसमागे पाऊण तास रांगले. रांजणगावला मिसळ खाल्ली, नव्वद रुपये, तर्री मागाल तितकी. शिरूरला गाडी बाजारपेठेबाहेरच लावा, आत वळवायलाही जागा नाही.

पेढीला लोक 'कणसाची पेढी' म्हणतात, कारण यांच्या प्रत्येक दागिन्याच्या पाठीवर ज्वारीचं बारीकसं कणीस उमटवलेलं असतं. बाहेरून पाहाल तर फळी, गादी आणि एक पंखा. पण मालक आप्पांनी शिसवी पेटी उघडली आणि मी पुढे वाकले. आत काशाचे ठसे होते, चार पिढ्यांचे. बोरमाळेचे मणी, वज्रटीकेची पानं, पुतळीवरची लक्ष्मी, सगळं धातूत उलटं कोरलेलं. लक्ष्मीच्या नथीतला मोतीसुद्धा सुटलेला नव्हता. पणजोबांनी तो ठसा कोरला तेव्हा गावात वीज नव्हती, असं आप्पा सहज सांगून गेले. मी तो हातात घेतला आणि कोरीव रेघांवरून बोट फिरवलं. सोन्याचा पातळ पत्रा यावर ठेवून ठोकायचा, की लक्ष्मी वर येते. आईची लक्ष्मी याच खळग्यातून आली होती.

आप्पांनी भिंग लावून एकेक पुतळी ठशावर बसवून पाहिली.

"सोनं तुमचंच हाय. कणीस बी आमचंच," ते म्हणाले. मी सुस्कारा सोडला. तेवढ्यात त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पर ही ओवण आमची न्हाई. उलटी पुतळी कुठंय?"

"उलटी म्हणजे?"

"वरवंडला जावा. आमच्या समद्या माळा शकूमावशीच्या घरात गाठवत्यात. तीच दावील."

शिरूरहून न्हावरा, मग भीमेवरचा पूल आणि चौफुला. दोन्हीकडे ऊस, मधे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यामुळे घाई करू नका. चौफुल्याहून वरवंड जवळच.

शकूमावशींनी आधी चहा पाजला. मग पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून त्या आईचा हार सोडवायला बसल्या. पुतळ्या मांडीवर पसरल्या, एकेकीवरून अंगठा फिरवला आणि त्यातली एक उचलून माझ्यापुढे धरली. तिच्यावरच्या लक्ष्मीचे नाकडोळे पार पुसले गेले होते.

"ही कुठं व्हती?"

ती मीच मानेमागे ओवायला सांगितली होती. दोरा कुजून पुतळ्या सुट्या झाल्या तेव्हा ती झिजकी दिसली, फोटोत नको, म्हणून.

"आगं, ही झिजली न्हाई, ही अंगाला लागलीया," मावशी म्हणाल्या. "लगनात समदी मान्सं पुतळ्या बघत्यात. आन् सासरी पोरीकडं कोन बघतंय? म्हून आप्पांच्या पणज्यानं रीत घातली. मधली एक पुतळी उलटी ओवायची. तिचं त्वांड घालनारीकडं."

पेढीची ही लक्ष्मी चारचौघांत कुणाला दिसतच नाही, ती फक्त घालणारीला कळते. दागिन्यांची कितीतरी प्रदर्शनं मी पाहिली आहेत, पण इतका विचार करून घडवलेली वस्तू पाहिली नव्हती.

मावशींच्या बोटांनी तासाभरात लाल रेशमात गाठी मारल्या. मजुरी दोनशे. मी जास्त देऊ केले तर रागावल्या.

येताना यवत, कासुर्डी करत सोलापूर रस्त्याने आले. कासुर्डीच्या जुन्या टोलनाक्याजवळ थांबले असताना डबी उघडून पुन्हा एकदा पाहिलं. पुढून फक्त पुतळीची सपाट पाठ आणि इवलंसं कणीस दिसत होतं. पुण्यातल्या कारागिराला ही चूक वाटली असती. मलाही वाटलीच असती.

घरी पोचले तेव्हा आई गवार मोडत होती. हार तिच्या हातात दिला. तिने पदराला हात पुसले आणि तिचा अंगठा थेट मधल्या पुतळीखाली गेला. थोडा वेळ तो तिथेच राहिला.

"तू आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"एवढ्या हौसेनं केलंतंस तू." तिने हार गळ्यात घातला. मी आरसा आणायला उठले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, आरसा कशाला? ही बघतीया की."

मग हार तसाच गळ्यात ठेवून तिने उरलेली गवार मोडली.