व्याह्यांना दिलेला हत्ती

ब्लाउजची मापं देता देता बायका मला काय काय सांगून जातात. सासूचं, जावेचं, नवऱ्याचं. कर्जतच्या बाजाराच्या कडेला माझं शिवणाचं दुकान आहे, आणि गळ्यात टेप घातलेल्या बाईपुढे माणूस मोकळं होतं. माझं मात्र एक गुपित आहे — ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. आज तुमच्यापुढे बसलेय, मैत्रिणीपुढे बसावं तशी.

बुद्धिबळाचं आहे. हसलात ना? हसा.

माझे वडील भिवपुरीच्या वीजघरात होते. क्वार्टर्सच्या क्लबात त्यांनी मला पट शिकवला. लग्नानंतर सगळं सुटलं. मग माझी अश्विनी खोपोलीला दिली, आणि तिच्या सासऱ्यांना — यशवंतभाऊंना — हाच नाद निघाला. कारखान्यातून रिटायर झालेले, वेळच वेळ. तेव्हापासून आमचा डाव व्हॉट्सअॅपवर चालतो, दिवसाला एक चाल. सकाळी मेसेज येतो, जयभीम विहीणबाई, आणि पुढे चाल. दुपारी मी उत्तर देते. एकेक डाव महिने खातो.

नियम भाऊंनीच घातला, चहा पिता पिता. पुस्तक बघायचं, घरी पट मांडून सोंगट्या हलवून बघायच्या, हवा तेवढा वेळ घ्यायचा. मोबाइलमधल्या मशीनला, म्हणजे चाल सुचवणाऱ्या त्या बुद्धिबळाच्या अॅपला, विचारायचं नाही. मी हो म्हटलं. मुलीकडची बाई दुसरं काय म्हणणार? पण मला तो पटलाही होता. भाजी कशी करायची ते पुस्तकात वाचणं वेगळं, आणि खानावळीतून आणून आपल्या पातेल्यात ओतणं वेगळं. हे मला तेव्हाही कळत होतं — एवढं लक्षात ठेवा. पुढे मी साळसूदपणा करायला लागले तर तुमच्या उपयोगी पडेल.

तर पहिलाच डाव. भाऊ इतकं चांगलं खेळायला लागले की माझा राजा कोपऱ्यात कोंडला गेला. एवढं चांगलं? या वयात? त्यातच मी त्यांच्याकडे एका कार्यक्रमाला गेले. भाऊंच्या बायकोनं पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "सुनेची आई. शिवते." एवढंच, आणि त्या पुढच्या पाहुण्याकडे वळल्या. अश्विनी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती, तिनं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान घेऊन मी कर्जतला परत आले.

मग मी मशीन उघडलं. जिंकायला नाही हं — भाऊंची चोरी पकडायला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्यांची एकेक चाल त्यात घातली. आणि काय निघावं? भाऊ धुतल्या तांदळासारखे. त्यांच्या ज्या चालींनी माझी झोप उडवली होती, त्यांतल्या दोन-तीन मशीनला चक्क चुकीच्या वाटत होत्या. माणूस स्वतःच्या डोक्यानं खेळत होता.

तिथेच मोबाइल खाली ठेवायचा होता. पण मशीननं माझीही चाल दाखवून ठेवली होती. हत्ती देऊन टाका, भाऊंच्या राजाशेजारी. का द्यायचा ते मला समजलंसुद्धा नाही. मी कापडं बाजूला केली, कटिंगच्या टेबलावर पट मांडला, बघितलं, तरी समजलं नाही. आणि तरी — पाठवली.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा मेसेज आला. "जयभीम विहीणबाई. तुमचा हत्ती फुकट जातोय. चुकून दाबलं असंल तर चाल परत घ्या. मी काय मनाला लावून घेनार नाय."

बघा आता. समोरचा माणूस दार उघडून उभा होता. नुसतं 'हो भाऊ, चुकलं' म्हणायचं — ते खोटंही ठरलं नसतं. मी काय लिहिलं असेल? "केलेली चाल आम्ही परत घेत नाही, भाऊ." आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला. तो हसरा चेहरा मला हत्तीपेक्षाही जड जातो.

हत्ती मारताच भाऊंचा राजा उघडा पडला, आणि डाव मी जिंकले. आनंद झाला का? अहो, पोटभर झाला! अंगावर मूठभर मांस चढलं. हरूनही भाऊंनीच पेढे वाटले. शेवटची स्थिती एका पटावर मांडून बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये ठेवली, कुणी हात लावायचा नाही म्हणून दम दिला. त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायला लागली की आमच्या विहीणबाई यांना हरवतात. अश्विनी दारात उभी राहून ऐकायची, मान वर करून.

मशीन मी त्याच आठवड्यात काढून टाकलं. पुढचे डाव माझ्या डोक्यानं खेळले आणि हरत गेले. भाऊ म्हणायचे, मुद्दाम सोडता तुमी, मुलीकडच्या म्हणून.

आणि यंदा! यंदा मी जिंकले. माझं एक प्यादं आणि त्यांचा घोडा, उरलेलं सगळं झडलेलं. आठवडाभर मी एकाच चालीवर बसले होते. गिऱ्हाइकाच्या बाहीला फॉल लावायची पाळी आली. मग दिसलं — राजा पुढे न्यायचाच नाही, एक घर मागे घ्यायचा. मी असं ओरडले की नवऱ्याला वाटलं, बोटात सुई गेली. प्यादं चालत चालत पलीकडे पोचलं, त्याचा वजीर झाला. माझा, मी केलेला. ती चाल बरोबर होती की भाऊच पुढे चुकले, हे मी मशीनला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

रविवारी खोपोलीला गेले, नवी साडी नेसून. भाऊंनी हात जोडले, मग शोकेसकडे बघून म्हणाले, "हा तुमी चिकाटीनं मारलात. पन हत्तीचा डाव तो हत्तीचा डाव. तसं डोकं परत चालनार नाय कुनाचं."

पश्चात्ताप झाला म्हणून सांगतेय असं समजू नका. मला हेवा वाटला. चोरीचा डाव काचेच्या आड सवतीसारखा बसलाय, आणि माझं पोटचं प्यादं कुणी विचारत नाही. अश्विनीला त्या घरात काय ऐकावं लागेल, ते मला माहीत आहे. तरीही.

नवा डाव सुरू झालाय, आज माझी चाल आहे. तिच्याआधी भाऊंना हे पाठवतेय.

जयभीम भाऊ. हत्तीची ती चाल परत घेतेय. प्यादं माझं होतं.