रडून तपासलेली कवळी

जगाच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने मागे काहीही अर्धवट ठेवू नये. हे वाक्य मी स्वतः लिहून दवाखान्याच्या दारावर चिकटवले होते. खाली माझ्या शेवटच्या दिवसाची तारीख. ज्यांच्या दातांची कामे चालू आहेत त्यांनी ती उरकून घ्यावीत, एवढाच हेतू. आमच्या घाटंजी गावाने त्याचा अर्थ वेगळा घेतला. ज्यांची कामे चालू नव्हती तेही आले.

एका गृहस्थांनी चांगली दाढ काढून मागितली.

"दुखते का?"

"नाही. पण तुमी दहा महिने नसान. मंग दुखली तं?"

"नव्या डॉक्टर आहेत ना."

त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या डॉ. मृणालकडे पाहिले. "तेच तं म्हणून राह्यलो."

स्वतःचा दवाखाना असला की रजा मंजूर करणारा कोणी नसतो, आणि ते वाटते तितके सोपे नाही. सत्तावीस वर्षे मी रजेचा अर्ज मनातच फेटाळत आले होते. नवरा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला. फळ्यावरच्या नकाशात त्याने जे जे दाखवले, त्यातले काहीच पाहिलेले नव्हते. शेवटी ठरले. पूर्वेकडे निघायचे, पूर्वेकडेच जात राहायचे आणि पश्चिमेकडून परत नागपुरात उतरायचे. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर पृथ्वी होती, विमान होते, शुभेच्छुकांचे अकरा चेहरे होते आणि खालच्या कोपऱ्यात मी.

निघायला चार दिवस उरले असताना जमनाबाई आल्या. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या, वय सत्तरीपुढचे, तोंडात एकही दात नाही. त्यांची कवळी त्याच सकाळी नागपूरच्या लॅबमधून एसटीच्या पार्सलने आली होती. सोबत मुलगा वसंता.

वरची कवळी कशाने चिकटवलेली नसते. ओल्या काचेवर ओली काच ठेवली की सहज सुटत नाही, तसेच हे. चारी बाजूंच्या कडा बंद हव्यात. कुठून हवा शिरली की कवळी खाली येते. मी ती बसवली, चावायला लावले, साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणवून घेतले. त्यावरून 'स' नीट उमटतो का ते कळते. उमटला.

"झालं आजी. उठा."

त्या उठल्या नाहीत. "आता मले रडून पाहू दे."

"दुखतंय का?"

"दुखत नाही वं बाई. रडाचं हाये."

वसंताने खुलासा केला. "मॅडम, माह्या पोरीचं लगन हाये, बारा दिवसांनी. आमच्यात नवरी निंघाली का ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत गायचं. पोरगी नागपुरात नर्स हाये, तिले एक ओळ येत नाही. याडी तिच्यासंगं म्हणणार हाये. तांड्यात आता पुरं हिलेच येते."

याडी म्हणजे आई.

"मग आजी, दातांशिवाय नाही जमणार?"

"म्हनलं ना मांगच्या लग्नात. निस्ती हवा निंघे तोंडातून. पोट्टे हासले. मी रडून राह्यली आन् ते हासून राह्यले."

मी म्हटले, रडा.

त्यांनी पदर चेहऱ्यावर घेतला आणि सूर लावला. मी बरेच रडणे ऐकले आहे, माझा व्यवसायच तसा आहे; पण असे ऐकले नव्हते. तो लांब, वर चढत जाणारा सूर होता आणि त्यात शब्द होते. दुसऱ्या ओळीला वरची कवळी मांडीवर पडली. बाहेरच्या बाकावरचे दोघे उठून गेले. त्यातला एक रूट कॅनालसाठी आला होता. तो मला पुढे कधी दिसला नाही.

कारण समजायला वेळ लागला नाही. मोठा सूर लावला की टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो. कवळीची कड तिथवर गेली असेल तर फट पडते. कड कुठे थांबवायची हे आम्ही पेशंटला 'आ' करायला लावून ठरवतो. तो 'आ' दोन सेकंदांचा असतो. जमनाबाईंचा संपतच नव्हता. कवळी बोलण्यासाठी आणि खाण्यासाठी बनवतात. आमच्या अभ्यासक्रमात रडण्याचा धडा नव्हता.

कड घासली. पुन्हा रडणे, पुन्हा कवळी मांडीवर. आणखी थोडी घासली. तेच. याहून जास्त घासली असती तर ती बोलतानाही टिकली नसती.

"आन् तू तिकडे गेल्यावर पडली तं?" जमनाबाईंनी विचारले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणे अवघड झाले.

मी नवऱ्याला फोन केला. तिकीट पंधरा दिवस पुढे ढकलता येईल का? तो म्हणाला, "येईल." नापास मुलाला उत्तरपत्रिका परत देताना त्याचा असाच आवाज असे.

फोन ठेवला तेव्हा मृणाल म्हणाली, "ताई, आपण आजींना खुर्चीत मागे रेलवून का रडवतोय?"

"म्हणजे?"

"त्या नातीच्या गळ्यात पडून गाणार ना? तेव्हा मान अशी मागे थोडीच असेल?"

मी खुर्चीकडे पाहिले. सत्तावीस वर्षे माणसे माझ्यासमोर एकाच स्थितीत आलेली. जग त्याच स्थितीत गाते असे मी धरून चालले होते.

मृणालने जमनाबाईंना उभे केले. "आजी, मी तुमची नात. या."

"लई उंच हायेस वं तू."

"वाकते मी."

ती वाकली. जमनाबाईंनी तिच्या गळ्यात हात टाकले, हनुवटी खांद्यावर टेकवली आणि सूर लावला. वरची कवळी जागची हलली नाही. ओळीच्या शेवटी खालची किंचित उचलली. मृणालने बोट घालून जिभेखालची कड शोधली, पेन्सिलने खूण केली, घासली. पुन्हा गळ्यात. असे तीनदा. तिसऱ्या वेळी मृणालच्या ॲप्रनचा खांदा ओला होता आणि तिचे डोळेही.

सवयीने माझा हात घासायच्या यंत्राकडे गेला.

"राहू दे बाई," जमनाबाई म्हणाल्या. "हिच्या हातानं होऊन राह्यलं. तू जाय न आता, इमान सुटून जाईन."

इतक्या मायेने मला माझ्याच दवाखान्यातून कोणी बाहेर काढले नव्हते. मी पुन्हा फोन केला. तिकीट आहे तेच राहू दे, असे त्याला सांगितले.

जमनाबाई त्यानंतर आणखी दोनदा येऊन गेल्या. तेव्हा मी तिथे नव्हते. लग्नाच्या दिवशी आम्ही व्हिएतनाममध्ये एका बसस्टँडवर बसलो होतो. वसंताने काढलेला व्हिडिओ मृणालने पाठवला. मला बंजाऱ्यांची गोरबोली येत नाही, पण शब्द न् शब्द सुटा ऐकू आला. नात आधी नुसती रडत होती. मग आजीच्या मागोमाग एकेक शब्द उचलू लागली. कोणी हसले नाही. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने मला काही न विचारता पाण्याची बाटली दिली.

पुढच्या दहा महिन्यांत मृणालचा कामासाठी एकच फोन आला. टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे तिला हवे होते.

यातून मी शिकले ते एवढेच की माप घेण्याआधी पेशंटला विचारावे, दात कशासाठी हवेत. आम्ही ते गृहीत धरतो.

मी परत आल्यावर जमनाबाई तपासणीला आल्या. कवळी कोरी करकरीत होती, दातांची झीज शून्य. भाकरी त्या हिरड्यांनीच खातात. कवळी फक्त लग्नाला लावतात.