गुळाच्या पाकावरच्या माश्या

मधमाशी चावली की आई तिथे चुना लावायची आणि परत लाटणं हातात घ्यायची. लोणावळ्याच्या बाजारामागे चिक्कीचा एक छोटा कारखाना आहे, तिथल्या सगळ्याच बायका तसं करायच्या. गुळाचा पाक उकळू लागला की माश्या खिडकीच्या गजांतून आत यायच्या आणि तेल लावलेल्या ओट्याच्या कडेला बसायच्या. "ह्यांना बी फुकटची चिक्की पायजे," असं कोणीतरी म्हणायचं आणि सगळ्या हसायच्या.

शाळेतून येताना मी दारातच थांबायचे. इंग्रजी शाळेचा टाय घालून आत जायची लाज वाटायची. पाक घट्ट व्हायच्या आत आई तो लाटून पातळ करताना तिथून दिसायची. घरी ती कमी बोलायची. तिथलं तिचं हसणं मात्र रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

मागच्या दिवाळीच्या घाईत तिला मनगटावर एकच माशी चावली. नेहमीसारखा चुना लावला. थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली आणि ती ओट्यापाशीच खाली बसली. बायकांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी कामावरून पोचले तेव्हा इंजेक्शन देऊन झालं होतं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. काटा दिसला तर चिमटे शोधत बसू नका, नखाने लगेच खरवडून काढा. साबणाने धुवा, बर्फ लावा, चुन्याचा काही उपयोग नाही. पण हे इतरांसाठी. आईला पुन्हा माशी चावली तर जिवावर बेतू शकतं. ओठ सुजले किंवा दम लागला तर सोबत दिलेलं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं, तिला उभं राहू द्यायचं नाही आणि तडक हॉस्पिटल गाठायचं.

"आणि तिचं काम?" मी विचारलं.

"जिथे रोज माश्या येतात तिथे कसं पाठवणार?"

इंजेक्शनचा सराव मी मोसंबीत साधं पाणी टोचून केला. संध्याकाळी आईने तीच मोसंबी सोलली. "लय पचपचीत निघाली गं ही," ती म्हणाली. मला हसता आलं नाही.

घराच्या खिडक्यांना जाळ्या लावल्या. गजरा बंद झाला, अत्तर बंद झालं. पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढे फुलं ठेवणंही मी थांबवलं, आम्ही नुसती मेणबत्ती लावू लागलो. आईने एकदाही वाद घातला नाही.

तिच्याबरोबर काम करणारी एक मावशी चिक्कीचे मोडके तुकडे घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "जयभीम ताई! तुझ्या ओट्यावर नवी बाई आलीय. निम्मी चिक्की जाड, निम्मी पातळ."

"तिला सांग, लाटताना कडेकडून आत यायचं."

"सांगितलं की. आयकती कुटं? तिला वाटतं, चपाती लाटतीय." दोघी हसल्या. मग मावशी म्हणाली, "तू कवा येतीस?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "नाही जमणार आता," मी म्हणाले.

मावशी नंतर एकदा आली. मग नाही आली.

आईच्या तळव्यांची जाड कातडी हळूहळू निघून गेली. एकदा हात उलटेपालटे करत ती म्हणाली, "हे कुणाचं हात हायत, कळंना."

परवा कामावरून आले तर जाळी बाजूला सरकवलेली. आई खिडकीत बसलेली, समोर चहाचा कप, कपाच्या कडेवर माशी. मी पर्समधली इंजेक्शनची डबी घट्ट धरून उभी राहिले. माशी बराच वेळ फिरली आणि उडून गेली.

"आई, अगं काय करतेस हे!"

"चावायची न्हाई ती. गोडासाठी आलीय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही खिडकी लावून मी दिवसभर करू काय, त्येवढं सांग."

ती खिडकीच्या कट्ट्यावरून तळवा फिरवत राहिली, कडेकडून आत, कडेकडून आत.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी जाळी चौकटीला ठोकून टाकली. खिळे आईनेच एकेक करून माझ्या हातात दिले.