दयेची घंटा

रोमच्या तिबर नदीकाठचा तो गोल किल्ला म्हणजे मुळात एका बादशहाचं थडगं. बादशहाची राख कुणी कधी उधळून लावली कोण जाणे. मागाहून पोपनी वर तोफा चढवल्या, तळघरांत तेलाचे रांजण ठेवले आणि उरलेल्या खोल्यांत माणसं कोंडली. थडग्याचा मालक बदलला, धंदा तोच राहिला, असं सेत्तीमियो घंटावाला म्हणायचा. अर्थात हवालदार आसपास नसताना.

सेत्तीमियोचा बापही घंटावालाच होता. किल्ल्याच्या पायथ्याशी बोर्गोच्या गल्लीत त्याचा जन्म झाला, त्याच गल्लीतल्या पाल्मीराशी लग्न झालं आणि रोज तोच अंधारा, गोल फिरत जाणारा चढ चढून त्याचे केस पिकले. वर पितळी देवदूत तलवार म्यान करत उभा, आणि त्याच्या पायाशी दयेची घंटा. रोजच्या प्रार्थनेला दुसरी घंटा होती. ही वाजायची ती फक्त कैद्याला फाशी द्यायला नेताना, म्हणजे रोमच्या लोकांनी हातातलं काम टाकून त्याच्या आत्म्यासाठी चार शब्द पुटपुटावेत. दया काय ती एवढीच. सेत्तीमियोला कधी त्याचं फारसं वाटलं नाही. घंटा वाजवावी, खाली यावं, गरम वजडी आणि पाव खावा. "मी पापही करत नाही नि न्यायही," तो म्हणायचा, "मी दोर ओढतो."

ते वाटायला लागलं शरद ऋतूत, नव्या वाइनच्या दिवसांत.

त्या दिवशी गुत्त्यात नेहमीचा खेळ रंगला होता. सगळ्यांनी पैसे काढून वाइन विकत घ्यायची, पत्ते टाकायचे, आणि जिंकेल तो त्या बैठकीचा मालक. कुणाला पाजायचं, कुणाला कोरडं ठेवायचं, ही त्याची मर्जी. या खेळापायी रोममध्ये जितके सुरे निघाले तितके शत्रूवरही निघाले नसतील, तरी सुधारेल तो रोमन कसला! मालक झाला होता ओरेस्ते रंगारी. त्याने दोघांना शेवटपर्यंत थेंब दिला नाही. एक नाझारेनो, नदीत बाम मासे धरणारा. दुसरा एर्कोले, वाइनची पिंपं वाहणारा गाडीवान.

नाझारेनोचं तोंड फाटकं. सगळ्या गुत्त्यासमोर तो ओरडला, "ओरेस्त्या, तुला बामासारखा सोलून काढीन, बघशील तू!" एर्कोले हसला, टोपी डोक्यावर घातली आणि मुकाट बाहेर पडला.

दिवेलागणीची घंटा वाजवून सेत्तीमियो तटावरून उतरत होता. खाली खंदकाच्या कडेने ओरेस्ते झोकांड्या खात घरी चालला होता. भिंतीच्या आडून एक उंच माणूस पुढे आला, हात एकदा वर गेला, ओरेस्ते गुडघ्यांवर बसला तो आडवाच झाला. सुरा पुसताना त्या माणसाने तोंड वळवलं. तो एर्कोले होता.

पोलिसांनी उचललं नाझारेनोला. धमकी सगळ्यांनी ऐकलेली आणि कमरेला मासे सोलायचा सुरा. आणखी काय हवं होतं त्यांना?

सेत्तीमियोने पाल्मीराला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे मटकन बसली.

"जाऊन सांगतोस का हवालदाराला?"

"बोर्गोत चुगलखोराला कुणी पाणी तरी विचारतं का, पाल्मी? आणि एर्कोले परका आहे का? त्याचं पोर माझ्या हातांवर बाप्तिस्मा घेऊन उठलंय. मी धर्मबाप त्याचा. कोंपारेला फासावर चढवू?"

कोंपारे म्हणजे असा बाप्तिस्म्याने जोडला गेलेला भाऊ. सख्ख्या भावाशी कोर्टात भांडता येतं, कोंपारेशी नाही.

"आणि नाझारेनोला चढवलं तर चालेल?" पाल्मीरा म्हणाली.

सेत्तीमियोने चुलीत लाकूड सारलं. मनात म्हणाला, न्यायाधीश काय आंधळे आहेत? सोडतील. न्यायाधीशांनी नाझारेनोला फाशी सुनावली.

कैद्यांना घरून जेवण आणायची मुभा होती. नाझारेनोची आई, आगाता, उकडलेला घेवडा फडक्यात बांधून रोज किल्ल्याच्या दारात उभी राही. सेत्तीमियो दिसला की त्याची बाही धरी.

"बाळा, तू आतला माणूस. तो जेवतो का रे?"

"जेवतो, आई."

"खोटं नको सांगूस. लहानपणापासून त्याला घेवडा आवडत नाही, पण दुसरं काय आणू?" मग ती जवळ सरकली. "त्या दिवशी घंटा जरा जास्त वेळ वाजव हं. जितके लोक प्रार्थना करतील तितकं बरं. तुझे फार उपकार होतील."

 सेत्तीमियो तिथून तडक एर्कोलेच्या तबेल्यात गेला. एर्कोले खेचराला खरारा करत होता.

"मी बघितलंय तुला," सेत्तीमियो म्हणाला. "खंदकापाशी."

खरारा थांबला. "काय बघितलंस, कोंपारे? अंधार होता."

"तुला ओळखायला मला उजेड लागतो होय रे? त्या पोराला तुझ्या पापापायी टांगतायत. तू स्वतः जाऊन कबूल हो, नाहीतर मी जातो."

"तू जाशील?" एर्कोले हसायला गेला, पण ते जमलं नाही. मग तो एकदम रडायलाच लागला. "माझं पोर रे! त्याला कोण सांभाळील?"

"मी. धर्मबाप कशाला झालोय? पण तू जा."

सेत्तीमियोने त्याला दंडाला धरून गल्लीच्या कोपऱ्यावर नेलं. तिथे भिंतीत मदोन्ना, म्हणजे मरियामाता, होती, पुढे तेलाचा दिवा. एर्कोलेने टोपी काढली, दगडावर गुडघे टेकले आणि मुलाच्या डोक्याची शपथ घेतली. फाशीच्या आधी जाऊन कबूल होईन, फक्त शेवटपर्यंत घरात राहू दे. कोपऱ्यावरच्या मदोन्नासमोर घेतलेली शपथ बोर्गोत चोरही मोडत नाही. निदान सेत्तीमियो तरी असंच मानत आला होता. तो निर्धास्त घरी गेला आणि पोटभर जेवला. त्याच्या या भोळेपणाचा राग येतो, पण त्या गल्लीत वाढलेला दुसरा कुणी असता तरी त्याने हेच केलं असतं.

फाशीची सकाळ उजाडली. पुलापलीकडच्या चौकात फाशीचा खांब उभा होता आणि माणूस माणसाला चिकटून उभा होता. सेत्तीमियो घंटेखाली उभा राहून किल्ल्याच्या दरवाज्याकडे बघत होता. अजून एर्कोले आला नव्हता.

"वाजव!" हवालदार ओरडला.

"दोर अडकलाय, साहेब."

"अडकला तर सोडव! का तुला खाली टांगू?"

दोर कुठेच अडकलेला नव्हता. सेत्तीमियोने तो उगाच वरखाली केला, गाठ मारली, गाठ सोडली. कैद्याला शेवटची सोबत करणारे, काळे बुरखे घातलेले धर्मबांधव नाझारेनोला घेऊन पुलावर आले. त्यांच्यामागे दोन बायकांच्या आधाराने आगाता चालत होती. हवालदाराने सेत्तीमियोच्या पाठीत बंदुकीचा दस्ता हाणला. घंटा वाजायला लागली. खाली टोप्या उतरल्या, गुडघे टेकले गेले.

आणि मग त्याला एर्कोले दिसला. सगळ्यांहून वीतभर उंच, खांद्यावर पोरगं, कोपराने गर्दी सारत तो फाशीच्या खांबाकडे निघाला होता. आला! सेत्तीमियोच्या डोळ्यांत पाणी आलं. उशीर केला लेकाने, पण आला, पोराला शेवटचं घेऊन आला! तो जीव खाऊन दोर ओढू लागला. आता पोचेल, आता हात वर करेल.

एर्कोले अगदी पुढच्या रांगेत पोचला. तिथे थांबला. पोराला खांद्यावरून उतरवून त्याने आपल्यापुढे उभं केलं, त्याला नीट दिसावं म्हणून.

सेत्तीमियोने दोर सोडला. कठड्यावर वाकून तो ओरडला, "तो नाही! हा! हा एर्कोले!" पण एवढी थोरली घंटा एकदा झुलायला लागली की दोर सोडून थांबत नाही. ती त्याच्या डोक्यावर झुलतच राहिली, आणि त्याची हाक पुलापर्यंतसुद्धा पोचली नाही. हवालदाराने त्याला गळपट्टीला धरून मागे खेचलं. तेवढ्यात चौकात नाझारेनोच्या पायाखालची शिडी ओढली गेली.

रोममध्ये बाप मुलांना फाशी बघायला नेतात ते उगाच नाही. माणूस लटकला की त्याच क्षणी पोराच्या गालावर एक सणसणीत ठेवून द्यायची, म्हणजे जन्मभर विसरणार नाही. चौकभर बापांचे हात वर गेले. एर्कोलेचाही गेला. पोरगं हेलपाटलं, गाल धरून बापाकडे बघायला लागलं. एर्कोले खाली वाकून त्याच्याशी बोलत होता.

वर काही ऐकू येत नव्हतं, पण अशा वेळी काय बोलतात ते सेत्तीमियोला पाठ होतं. त्याच्याही बापाने त्याच चौकात त्याला तेच सांगितलं होतं.

"लक्षात ठेव, बाळा. खून करणाऱ्याचं असं होतं."