भिकनकाकांचा उजवा कान

पंचवटीतल्या त्या गल्लीत सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, की भिकनकाका ठार बहिरे आहेत. अंबडच्या कारखान्यात पंचवीस वर्षं धडधडत्या प्रेस मशिनवर काढली, कान गेले, म्हणून माणूस रेकॉर्ड लावून स्पीकरला चिकटून बसतो. शेजारची निकिता तर हे त्यांच्याच चांदवडकडच्या बोलीत, मान तिरकी करून सांगायची. अकरावीतली ही पोरगी नकला करताना भाजीवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत कुणालाच सोडत नसे.

खरं एवढंच, की काकांचा डावा कान गेला होता. उजवा दोघांचं काम करायचा. बेअरिंग कधी जाणार हे ते मशिनच्या आवाजावरून सांगत. साहेब लोक आधी हसत, मग आठवड्याभरात गुपचूप बेअरिंग बदलत.

२००२च्या दिवाळीत मुलानं, किशोरनं, सीडी प्लेअर आणला आणि दीडशे रेकॉर्डींवर संक्रांत आली. आता ती खरखर कशाला ऐकायची, असं किशोरचं म्हणणं. सविताकाकूंना तर रेकॉर्डींचं कपाट कुरडयांच्या डब्यांसाठी केव्हाचं हवं होतं.

काका भांडले नाहीत. सीडी जास्त स्वच्छ वाजते, हे त्यांनी कबूलच केलं. पण मग दोन दिवस एकच गाणं ते आलटून पालटून लावत बसले, कडवं इथलं, कडवं तिथलं. शेवटी म्हणाले, सीडीत तबलेवाला पुढं सरकून बसलाय, रेकॉर्डीत गाणारी.

किशोर म्हणाला, हे सगळे मनाचे खेळ. पाठ करून बसा, तीनदा लावतो. एकदा जरी ओळखायला चुकलात, तर रेकॉर्डी भंगारात. काका हो म्हणाले. निकितानं वर स्वतःची पैज लावली: काका जिंकले तर महिनाभर ती कुणाची नक्कल करणार नाही.

ती उगाच एवढी शूर झाली नव्हती. काकांच्या रेकॉर्डींची नक्कल करायला चार दिवस तिनं सुईची खरखर घोटली होती. दातांमधून बारीक ‘स्स्स’, मध्येच टाळूला जीभ लावून ‘टिक’.

पहिल्यांदा रेकॉर्ड लागली, काकांनी ओळखली. दुसऱ्यांदा सीडी, तीही ओळखली. तिसऱ्यांदा किशोरनं पुन्हा सीडीच लावली आणि निकितानं स्पीकरजवळ बसून तोंड चालू केलं. इतकं हुबेहूब, की काकूंनीही वळून रेकॉर्ड प्लेअरकडे पाहिलं.

काकांचं बोट गुडघ्यावर गोल गोल फिरत होतं. निकिताला वाटलं, आपण जिंकलो.

“सीडी हाय,” काका म्हणाले. “अन् सीडीशेजारी निकी हाय.”

किशोरनं विचारलं, कशावरून?

“अरे, रेकॉर्ड फिरती ना? वरखडा बी तिच्यासंगं फिरतो. दर फेऱ्याला टिक, बरोबर तेवढ्याच वेळानं. हिची टिक येती हिच्या मनाला येईल तवा.”

किशोरनं सीडी बंद केली. रेकॉर्डी राहिल्या. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, “म्हणजे माझे डबे आपले पलंगाखालीच.”

तो ‘आपले’ काकूंनी असा काही लांबवला होता, की निकिताचं तोंड आपोआप उघडलं. काकांनी पाठमोऱ्यानंच बोट वर केलं.

“महिना आजपास्नं,” ते म्हणाले.